परदेशातील बँक सोडून खानदेशात हिशेबाचे काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा चोपडा तालुक्यातील. जळगावात बी.कॉम. केले, काही वर्षे मुंबईत नोकरी केली आणि पुढची तेरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीत राहून एका मोठ्या बँकेच्या कर्जजोखीम विभागात काढली. गेली सहा वर्षे मी चोपडा, यावल आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पतसंस्थांचे ठेवीदार यांच्यासोबत हिशेबाचे काम करतो. वित्तक्षेत्रात असलेली आणि खानदेशकडे परत वळू पाहणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

चांगली नोकरी सोडून आपण परत का आलात?

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर हाती आलेली बहुतेक रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत मुदत ठेवीत गुंतवली, कारण व्याज बँकेपेक्षा जास्त होते आणि संचालक ओळखीचे होते. पुढे त्या पतसंस्थेने पैसे देणे थांबवले. ठेवीची पावती वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटातल्या लग्नाच्या शालूखाली ठेवली होती. सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बँकेत आहेस ना, बघ काय होतं ते."

मी काहीच करू शकलो नाही. परंतु त्या रात्री माळ्यावरच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मला त्याच पतसंस्थेचे चार वर्षांचे वार्षिक अहवाल सापडले, कारण वडील सभासद असल्याने ते दरवर्षी घरी येत होते. थकबाकीचा आकडा प्रत्येक अहवालात छापलेला होता आणि तो दरवर्षी वाढत होता. तिसऱ्या वर्षीच्या ताळेबंदात तर येणे व्याज, म्हणजे कर्जदारांकडून मिळायचे बाकी असलेले व्याज, इतके फुगले होते की, माझ्या विभागात नव्याने लागलेल्या मुलानेही त्यावर लाल खूण केली असती. ज्या काळात मी न्यू जर्सीत बसून अनोळखी कंपन्यांचे ताळेबंद रोज आठ तास वाचत होतो, त्याच काळात माझ्या घरातला ताळेबंद कोणी वाचलेला नव्हता. वडिलांना पुढे काही रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली, उरलेली मिळाली नाही. परतण्याचा निर्णय त्यानंतर दोन वर्षांनी झाला, पण त्याचे मूळ त्या माळ्यावर आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे असते?

बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी ओट्यावर बसून वही वाचण्याचे असते. एक उदाहरण सविस्तर देतो.

यावल तालुक्यातील एका बचत गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी सांगितले की, गटातून १०,००० रुपये घेतले तरी दोन रुपये शेकडा व्याज आणि बाहेरच्या फायनान्सवाल्याकडून घेतले तरी दोन रुपये शेकडाच. मग फायनान्सवाला घरी येऊन पैसे देतो, तर त्याच्याकडून का घेऊ नये? प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. दोन्हीकडे मुदत दहा महिने आणि मुद्दलाचा हप्ता १,००० रुपये. गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते, म्हणून पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६० असे उतरत दहाव्या महिन्यात ते २० रुपयांवर येते आणि एकूण व्याज १,१०० रुपये होते. दुसऱ्या रकान्यात व्याज शेवटपर्यंत मूळ १०,००० रुपयांवरच लागत होते, म्हणजे दर महिन्याला २०० आणि एकूण २,०००. ताईंनी बेरीज स्वतः केली, दोनदा केली, आणि ९०० रुपयांच्या फरकाभोवती पेनाने गोल काढला. ते पान त्या गटाच्या वहीत अजून आहे.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देणाऱ्याने वार्षिक व्याजदर आणि सर्व शुल्क दाखवणारे माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हा नियम त्या ओट्यावर कोणालाही माहीत नव्हता. तो सांगणे आणि ते पत्रक मागायला शिकवणे, एवढेच त्या दिवशी माझे काम होते.

पतसंस्थेतील ठेव बँकेतील ठेवीइतकीच सुरक्षित असते का?

नाही, आणि खानदेशात हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडेच आहे. बँकेतील ठेवीला, मग ती नागरी सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. फलकावर "सहकारी" हा शब्द सारखाच दिसतो, रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मी एजंट दोन्हीकडून दारात येतो आणि पासबुकही तसेच असते. त्यामुळे हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक पतसंस्था वाईट आहे, असा मुळीच नाही. कित्येक गावांत अडीअडचणीला पतसंस्थाच उभी राहते, हे मी पाहतो. परंतु ठेव ठेवण्यापूर्वी अहवाल मागावा, थकबाकीचे प्रमाण तीन वर्षांत वाढले की घटले ते पाहावे, बुडीत कर्जासाठी तरतूद किती केली आहे ते पाहावे आणि संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्जे दिली आहेत, हे सभेत उभे राहून विचारावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क आहे. ठेव अडकलेलीच असेल, तर ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याचा आधार घेता येतो. मात्र तो मार्ग लांबचा आहे आणि वयस्कर ठेवीदाराला तो एकट्याने चालवत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालताना त्यांच्यासोबत जाणे, हाही आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

कॉर्पोरेटमधील अनुभव येथे कितपत उपयोगी पडतो?

मूळ कौशल्य पूर्ण उपयोगी पडते. पैसा आला कोठून, गेला कोठे, आणि येणार म्हणून लिहिला आहे तो खरोखर येणार आहे का, हे तीन प्रश्न न्यूयॉर्कमध्ये जेवढे कामाचे होते तेवढेच रावेरात आहेत.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे पाहा. २०२० मध्ये केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. तीत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत समभाग अनुदान आणि व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. आपल्याकडे केळी, कापूस आणि मक्याच्या पट्ट्यात अशा अनेक कंपन्या निघाल्या. त्या अडखळतात त्या खेळत्या भांडवलावर. खत रोखीने आणायचे, सभासदाला उधारीवर द्यायचे आणि उधारी वसूल होणार कापूस विकल्यावर; मधल्या चार-पाच महिन्यांत दुकान रिकामे पडते. शिवाय तीन वर्षांचे साहाय्य संपले की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार कोठून द्यायचा, हा प्रश्न चौथ्या वर्षी उभा राहतो, तो पहिल्याच वर्षी मांडायला हवा. आणखी एक दुखणे म्हणजे कंपनी निबंधकाकडे भरायची वार्षिक पत्रके. दोन मुख्य पत्रकांना उशीर झाला, तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये शुल्क चढते. म्हणजे वर्षभर विसर पडला तर ७३,००० रुपये, आणि तेही अशा कंपनीला जिचा वर्षाचा नफा कदाचित त्याहून कमी आहे. असा कागद वेळेवर जाईल एवढे पाहणारा एक जाणकार माणूस दहा कंपन्या वाचवू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

काही गोष्टी मात्र विसराव्या लागतात. येथले आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपत नाही. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, केळीच्या मृगबागेचा आणि कांदेबागेचा, म्हणजे दोन हंगामांतल्या लागवडींचा, पैसा वेगवेगळ्या वेळी येतो आणि लग्नसराई सगळे अंदाज मोडते. मी पहिल्या वर्षी बारा समान महिन्यांचे अंदाजपत्रक घेऊन गेलो होतो. एका आप्पांनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "यात आखाजी कोठे आहे?" त्यानंतर मी अंदाजपत्रक हंगामानुसारच मांडतो.

आपल्याकडून कोणती मोठी चूक झाली?

पहिल्याच वर्षी मी बचत गटांच्या नोंदींसाठी मोबाइलवर चालणारा एक तक्ता तयार करून घेतला. त्यासाठी स्वतःचे बरेच पैसे घातले आणि बावीस गटांना तो वापरायला लावला. तक्ता उत्तम होता. पण गटाच्या सचिव ताईंचा फोन बहुधा मुलाकडे असे, आणि नोंदी मुलगा करू लागला. सहा महिन्यांत आकडे बरोबर आले, परंतु बैठकीत वही मोठ्याने वाचून दाखवणे बंद पडले. गटाचा हिशेब दहा जणींच्या तोंडून निघून एका फोनमध्ये गेला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदी ही गटांची पंचसूत्री आहे. तिच्यातील शेवटचे सूत्र सुधारताना मी पहिलेच सैल केले. गटांना मार्गदर्शन करणाऱ्या एका सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी हे माझ्या तोंडावर सांगितले आणि मी तक्ता मागे घेतला. आता वहीच चालते. तक्ता असलाच तर तो वहीवरून नंतर भरला जातो.

परतण्यापूर्वी स्वतःची आर्थिक तयारी कशी करावी?

आधी पोटोबा मग विठोबा, हे येथे अक्षरशः खरे आहे. ज्याच्या घरखर्चाची सोय नाही, त्याची सेवा दीड वर्षात थकते. निदान पाच वर्षांचा घरखर्च, आई-वडिलांचा दवाखाना आणि मुलांचे शिक्षण यांची तजवीज वेगळी काढून मगच राजीनामा द्यावा.

कराच्या दृष्टीने पहिली दोन-तीन वर्षे महत्त्वाची असतात. आपण मागील १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असाल, किंवा मागील ७ वर्षांत भारतातील आपले वास्तव्य ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर परतल्यावर काही काळ आपण "निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेले" ठरता आणि परदेशात मिळणाऱ्या उत्पन्नावर येथे सहसा कर लागत नाही. त्यामुळे परतीची तारीख ठरवताना विमानाच्या तिकिटाच्या दरापेक्षा आर्थिक वर्षाकडे अधिक पाहावे. एनआरई खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते, परतल्यावर निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते; डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील, तर आरएफसी (निवासी परकीय चलन) खाते उघडता येते.

अमेरिकेतील ४०१ के, म्हणजे नोकरीतून साठवलेले निवृत्ती बचत खाते, घाईने मोडू नये. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पैसे काढल्यास नेहमीच्या कराशिवाय साधारणपणे आणखी १० टक्के कर लागतो. अशा निवृत्ती खात्यातील वाढीवर भारतातील कर पैसे काढण्याच्या वर्षी लागावा, असा पर्याय अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील खात्यांसाठी अर्ज करून निवडता येतो. बहुतेक परतणाऱ्यांकडून हा अर्ज राहून जातो. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट, म्हणजे ढोबळमानाने दहा वर्षांचे काम लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नसल्याने नऊ वर्षांनी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. माझ्या एका मित्राला यासाठी फक्त पाच महिने कमी पडले.

एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचे नागरिकत्व असेल तर काय फरक पडतो?

एच-१बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला व्हिसा, असेल तर नोकरी सुटल्यावर तेथे राहण्याची मुभा जास्तीत जास्त ६० दिवसांची असते, म्हणून घर, गाडी आणि मुलांची शाळा यांची आवराआवर राजीनाम्याआधीच करावी. ग्रीन कार्ड घेऊन वर्षभरापेक्षा जास्त काळ बाहेर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेश परवाना काढावा लागतो. आठ किंवा अधिक वर्षे ग्रीन कार्ड बाळगून ते परत करणाऱ्याने आधी तेथील करसल्लागाराला भेटावे. नागरिकत्व घेतले असेल, तर जगात कोठेही राहिलात तरी अमेरिकेचे विवरणपत्र भरावेच लागते, आणि भारतातील खात्यांमधील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्यांची माहिती तेथे कळवावी लागते. संस्थेच्या खात्यावर सहीचा अधिकार असेल तर तेही खाते यात धरले जाते, हे ध्यानात ठेवावे.

परत न येता तेथूनच मदत करता येईल का?

नक्की करता येते, आणि सर्वांनीच परतावे असा माझा आग्रह नाही. फक्त पैसे पाठवताना पासपोर्टचा विचार करावा. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी विदेशी देणगी समजली जात नाही. परंतु ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेली भारतीय वंशाची व्यक्ती, कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक आहे. त्याची देणगी घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालील, नोंदणी हवी. अशी रक्कम २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. गावाच्या प्रेमापोटी एखाद्या ओसीआय भावाने थेट मंडळाच्या खात्यात पैसे टाकले, तर अडचणीत मंडळ येते.

पैशापेक्षा वेळ देणे अधिक मोलाचे आहे. न्यू जर्सीतील दोन माजी सहकारी दर रविवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी, एका उत्पादक कंपनीच्या तरुण लेखापालासोबत तासभर व्हिडिओ कॉलवर बसतात आणि रोजकीर्द व खतावणी तपासून देतात. त्या मुलाने गेल्या वर्षी कंपनीची सर्व पत्रके वेळेत भरली.

परतल्याबरोबर स्वतःची संस्था काढावी का?

पहिली दोन वर्षे काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था नोंदवणे किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी काढणे अवघड नाही. पण त्यानंतर आयकराच्या नोंदण्या, लेखापरीक्षण, बदल अर्ज आणि सीएसआरसाठीची, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्यासाठीची, वेगळी नोंदणी, असे काम वाढत जाते आणि माणूस संस्थेच्याच सेवेत अडकतो. आधी चालू असलेल्या कामात सामील व्हावे. मी दोन वर्षे एका महिला गटसंघात केवळ हिशेब तपासनीस म्हणून बसलो. ती माझी खरी शाळा होती.

आपण मानधन घेता का?

होय. अमेरिकेतील पगाराचा तो फार छोटा भाग आहे, पण मी तो घेतो आणि आकडा दरवर्षी सभेत वाचून दाखवतो. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारायला लोक संकोचतात, आणि हिशेबाच्या कामात तो संकोच घातक ठरतो.

पत्नी आणि मुलांचे काय?

हा निर्णय एकट्याचा नसतो, आणि तसा घेतलेला निर्णय टिकलेला मी पाहिलेला नाही. आम्ही आधी एक पूर्ण उन्हाळा येथे राहून पाहिला, पंचेचाळीस अंशांच्या पुढच्या मे महिन्यासह. पत्नी जळगावात नोकरी करते, त्यामुळे आम्ही जळगावात राहतो आणि मी रोज ये-जा करतो. मुलीला पहिले वर्ष जड गेले. तिच्या मराठीवर वर्गात मुले हसत, आणि ती रात्री इंग्रजीत रडत असे. आता आजीशी अहिराणीत भांडते. याचे श्रेय माझे नाही, शेजारच्या दोन मैत्रिणींचे आहे.

प्रमाण मराठीवर काम भागते का?

तालुक्याच्या कचेरीत भागते. गावात अहिराणी किंवा लेवा गणबोली येत असेल तर माणसे मोकळी बोलतात, आणि सातपुड्यात पावरी किंवा भिली जाणणारा सोबती लागतोच. धडगाव, अक्कलकुवा भागातील कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन. उचल किती घेतली, किती फिटली आणि कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, किती टन तोडले, हा हिशेब मुकादमाच्याच वहीत असतो. आम्ही तोडणीला जाणाऱ्यांसाठी खिशात मावेल अशी चित्रांची वही केली आहे. तिच्यातील प्रत्येक शब्द पावरी बोलणाऱ्या शिक्षकाने तपासला, कारण माझ्या पहिल्या मसुद्यातील "शिल्लक" हा शब्द अर्ध्या लोकांनी "देणे" असा समजून घेतला होता.

लोक विश्वास ठेवतात का?

लगेच ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पहिले वर्षभर मला "कसाले उना रे भो?" (कशाला आलास रे भाऊ?) हाच प्रश्न ऐकू येत होता. निवडणूक लढवणार, तेथून काढून टाकले असेल, जमिनी घेणार, असे तीन अंदाज गावात होते. मी उत्तरे देत बसलो नाही, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेल्या ओट्यावर जात राहिलो. वडिलांच्या बुडालेल्या ठेवीची गोष्ट मात्र मी उघडपणे सांगतो. ज्यांच्या स्वतःच्या पावत्या कपाटात पडून आहेत, ते त्यानंतर बोलू लागतात.

काम प्रत्यक्ष पाहायचे असल्यास कधी यावे?

सप्टेंबरमध्ये यावे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात, म्हणून त्या महिनाभर आम्ही गावोगावी अहवाल वाचनाच्या बैठका घेतो. सभासदांनी घरी आलेला अहवाल सोबत आणायचा, ताळेबंदाचे पान उघडायचे आणि एकाने मोठ्याने वाचायचे, एवढीच पद्धत आहे. बैठका रात्री आठनंतर, शेतातून माणसे परतल्यावर होतात. येताना चष्मा आणि पेन्सिल आणावी. राहण्याची सोय कार्यकर्त्यांच्या घरी होते, आणि जेवायला बहुधा कळण्याची भाकरी असते.